गोजरबाईचे कान

२८ सप्टेंबर, रविवार

काकासाहेबांचा गारखेड्याहून फोन आला. आमच्या संस्थेचे ते अध्यक्ष. शेती इथे देवगावात, राहणं शहरात. म्हणाले, "संघपाल, आपल्या रेडिओ केंद्राचा इतिहास लिहून द्या. दोन पानं पुष्कळ झाली." मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, संस्थेत अशी चर्चा चाललीय की त्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढावी. म्हणजे रेडिओ बंद. हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की मी "हो, हो" करत फोन ठेवला.

इतिहास काय लिहायचा? 'रेडिओ शेजार' रोज सकाळी बोलतोय अजून. ऑगस्टात माझ्यासोबत काम करणाऱ्या तनुजाला शहरात नोकरी लागली, तेव्हापासून बोलणारा मी, बटणं दाबणारा मी आणि खोली झाडणाराही मीच. यंत्रातलं सगळं तनुजाला कळायचं. तिचा एक छोटा रेडिओ व्हरांड्यात सतत चालू असायचा, तोही ती घेऊन गेली. मला यंत्रातलं काही कळत नाही, मला फक्त बोलायचं कळतं.

फोन येत नाहीत हे खरं आहे. पूर्वी फर्माइशीसाठी रांग लागायची. आता दोन-तीन दिवसांत एखादा. पण ऐकणारा प्रत्येक माणूस काही फोन करत नाही. माझी बायको सुलेखा कुठे करते? पण भाकऱ्या थापताना रोज पूर्ण कार्यक्रम ऐकते आणि दुपारी जेवताना माझ्या चुका काढते.

३० सप्टेंबर

दोन पानं म्हणाले, आणि माझं पहिलंच पान गोजरबाईवर संपलं.

केंद्र नवं होतं तेव्हाची गोष्ट. मळ्यातली गोजरबाई ओव्यांसाठी नाव असलेली. तिला जिना चढवून आणलं, माईकपुढे बसवलं, तर तोंडच उघडेना. म्हणाली, "जात्याबिगर कसं म्हनू? हात फिरल्याबिगर मला आठवत नाय." मग मी आणि रामकिसन हॉटेलवाला, दोघांनी मिळून दगडी जातं जिन्याने वर चढवलं. खाली उतरेपर्यंत रामकिसन मला शिव्या देत होता. ज्वारी आणली. बाई दळायला बसली आणि असा आवाज लागला की तनुजा बटण दाबायचीच विसरली. पुन्हा दळायला लावलं. पीठ बाई पदरात बांधून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा आवाज स्वतःच्या रेडिओवर ऐकला. मग केंद्रावर आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हापासून ती रोज ऐकते.

हे काकासाहेबांच्या कामाचं आहे का, कुणास ठाऊक. त्यांना सन, उद्घाटक आणि पुरस्कार हवे असणार. लॉकडाऊनमध्ये आम्ही रेडिओवरून शाळा चालवली, ते मात्र ठळक लिहिलंय. झाडाखाली लांब लांब बसलेली पोरं आणि मधे एक रेडिओ. ते दिवस आठवले की माझी मान अजून ताठ होते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

काकासाहेब पुतण्याला घेऊन आले होते. दरवर्षी या दिवशी ते स्टुडिओतल्या यंत्रांची पूजा करतात. मी बौद्ध माणूस. बाजूला हात जोडून उभं राहायचं, दुसऱ्याच्या श्रद्धेत लुडबूड करायची नाही, ही माझी पहिल्यापासूनची रीत. कुंकू, नारळ, पेढे सगळं झालं. फोटोत ट्रान्समीटर नीट येईना म्हणून पुतण्याने ती पेटी कोनाड्यातून पुढे ओढली. मी "सांभाळून हं" म्हणालो. फोटो झाल्यावर त्याने ती परत मागे रेटली. वर झेंडूचा हार असा घसघशीत घातला की पेटीचं तोंडच झाकलं गेलं.

निघताना काकासाहेब म्हणाले, "हार काढू नका बरं का. यंत्रावरचा हार हाताने काढायचा नसतो, वाळून आपोआप पडू द्यायचा."

मी कशाला काढतोय? उद्या कुणी म्हणायचं, संघपालने मुद्दाम पूजेचा हार काढून फेकला. गावात असलं बोलणं उठायला वेळ लागत नाही. आहे तिथे बरा आहे.

इतिहासाचे कागद त्यांनी खिशात घातले, वाचले नाहीत. मनाला लागलं.

३ ऑक्टोबर

काल विजयादशमी. केंद्राला सुट्टी होती, आम्ही दोघं शहरात बुद्ध लेणीवर जाऊन आलो. आज पुन्हा माईकपुढे बसलो. हेडफोनमध्ये माझा आवाज इतका खणखणीत येत होता की मीच खूश झालो. अद्रकाचे भाव, पावसाने गेलेल्या मक्याचे पंचनामे, मग गाणी.

दुपारी घरी आलो तर सुलेखा विचारते, "आज बंद होतं का हो? नुसती खरखर येत होती."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून घसा फोडतोय आणि घरातलं माणूस म्हणतं बंद होतं का! म्हणालो, "तुझ्या रेडिओचे सेल संपले असतील. तुला तरी काळजी आहे का त्याची? तुम्हा सगळ्यांनाच आता हा रेडिओ जड झालाय." संध्याकाळी मीच जाऊन नवे सेल आणून टाकले. बोललो ते जास्तच झालं.

४ ऑक्टोबर

घरात पाय टाकताच विचारलं, "आज आलं का ऐकू?" सुलेखाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलं की. छान झाला आजचा."

बघा, सेलचाच घोळ होता.

९ ऑक्टोबर

रामकिसनच्या हॉटेलात चहाला गेलो. पूर्वी त्याच्या फळीवर आमचं केंद्र दिवसभर चालू असायचं. आता मोबाइलवरची धांगडधिंग्याची गाणी. मी म्हणालो, "काय रामकिसन, जातं उचलून वर नेलं होतंस, विसरलास?"

तो म्हणाला, "तसं नाय हो. तुमचं लागतच नाय आजकाल. म्या दोन-तीनदा बटन फिरवून पाह्यलं."

लागत नाही म्हणे! सरळ सांग ना की मोबाइलची चटक लागलीय. तोंडावर गोड बोलायचं आणि खापर रेडिओवर फोडायचं. चहा अर्धा ठेवून उठलो. शंका आली होती, खोटं कशाला लिहू? पण घरी येऊन सुलेखाला विचारलं तर तिने आजचा कार्यक्रम पहिल्यापासून सांगितला. अद्रकाचा भाव, कांद्याच्या रोपांवरची फवारणी, सगळं. काल रात्री जेवताना मी तेच तर मोठ्याने वाचून दाखवलं होतं, म्हणजे तिने दोनदा ऐकलं. अशी बायको नशिबानेच मिळते.

१५ ऑक्टोबर

गोजरबाई आली होती. मळ्यातून एवढ्या लांब, काठी टेकत, जिना चढून. पिशवीत मक्याची कणसं. दारात उभी राहून मला वरून खालपर्यंत न्याहाळत होती.

"बरा हायेस नव्हं?"

"मला काय झालंय आजी?"

"म्या म्हनलं दवाखान्यात पडलास की काय. रोज लावते, तुझा आवाजच येईना."

मी हसलो. म्हणालो, "आजी, मी रोज बोलतोय. आत्ता बोलूनच उठलो. सुलेखा ऐकते की घरी."

ती कानाला हात लावून म्हणाली, "मंग कान गेले म्हनायचे माझे."

मला वाईट वाटलं. वय झालं, व्हायचंच. मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं, "ग्रामीण रुग्णालयात कानाची तपासणी आहे, जाऊन ये." तर म्हणाली, "आता तपासून काय करू बाबा? लई ऐकलं." आणि काठी टेकत गेली. जिन्यापर्यंत तरी सोडायला पाहिजे होतं, पण जाहिरातीची वेळ झाली होती.

रात्री सुलेखाला सांगितलं. ती ताटातली भाजी चिवडत राहिली. म्हणाली, "त्यांना पण ऐकू येत नाही?" मी म्हणालो, 'पण' म्हणजे काय? ती म्हणाली, काही नाही, सहज.

तपासणी शिबिराची सूचना उद्यापासून दोनदा द्यायचं ठरवलंय. म्हाताऱ्या माणसांना उपयोग होईल.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. अतुल वाळूजहून दोन दिवस येऊन गेला. त्याच्या कंपनीत गेटवर माणूस हवा आहे म्हणे. "पप्पा, बसून काम आहे. तुम्ही आणि मम्मी दोघं या तिकडं." मी म्हणालो, मी गेटवर बसलो तर केंद्र कोण चालवणार? तो आईकडे बघत होता. आई त्याच्याकडे. हे दोघं आपसात काही ठरवत असतात.

दिवाळीत फर्माइशीचा एकही फोन नाही. एकही नाही.

१ नोव्हेंबर

काकासाहेबांना मीच फोन केला. म्हणालो, कागदावरच्या इतिहासाने तुम्हाला कळणार नाही, माणसं बघा. मी रोज रेडिओवर आवाहन करतो, ज्यांना केंद्र हवंय त्यांनी सोळा तारखेला रविवारी सकाळी इथे यावं. ते म्हणाले, "बरं. माझाही जीव त्यात आहे हो, सुरू मीच केलंय. शंभर माणसं जमली तर मी संस्थेत भांडतो. नाही आली तर मात्र तुम्ही हट्ट सोडायचा."

मी शब्द दिला. बरं वाटतंय. एकदाचा निकाल लागेल.

५ नोव्हेंबर

आवाहन दिवसातून तीनदा करतो. आज म्हणालो, "तुमच्या घरातलं लग्न मी सांगितलं, मयत मी सांगितली, हरवलेली शेळी मी शोधून दिली. आता एक दिवस माझ्यासाठी या."

सुलेखाला आज कार्यक्रमाबद्दल विचारलं तर वेगळंच बोलली. "अहो, घरोघर जाऊन सांगा ना तोंडाने. वाड्या-वस्त्यांवर जा. मी पण येते."

मला राग आला. म्हणालो, "रेडिओवाल्याने रेडिओवरून सांगितलेलं परत दारोदार जाऊन सांगायचं? मग रेडिओ कशाला हवा?" ती म्हणाली, "माझ्यासाठी जा." मी नाही म्हटलं. दारोदार फिरून माणसं गोळा केली तर ती माझ्या भिडेने आलेली. मला ऐकणारी माणसं हवी आहेत.

ती डोळे पुसत आत गेली. एवढ्याशा गोष्टीला रडण्यासारखं काय होतं?

१६ नोव्हेंबर, रविवार

कुणी आलं नाही.

खाली पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सुलेखा शेजारच्या तीन बायकांना घेऊन आली, त्या पदर सावरत मागे बसल्या. रामकिसन चहाची किटली घेऊन आला आणि गर्दी कुठाय म्हणून इकडे-तिकडे बघायला लागला. "मला तर कुनी सांगितलंच नाय," म्हणाला, "सुलेखावैनी आत्ता बोलल्या म्हनून आलो." मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

काकासाहेब बराच वेळ बसले. ऊन खुर्च्यांवर आलं. मी सारखा फाट्याकडे बघत होतो. एक ट्रॅक्टर आला, त्यात बरीच माणसं होती. मी उठून उभा राहिलो. तो सरळ पुढे निघून गेला, कापसाच्या वेचणीला.

काकासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संघपाल, तुम्ही कमी पडला नाहीत. दिवस बदलले." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होतो?

१८ नोव्हेंबर

गोजरबाईसुद्धा आली नाही. तिचे कान गेलेत, तिला कुठून कळणार? बाकीच्यांचे कान तर शाबूत होते.

झोप नाही. अन्न गोड लागत नाही. लोकांचं तोंड बघू नये असं वाटतं. आज बाजारात दोघांनी "जय भीम, संघपालभाऊ" केलं तर मी मान वळवली. मनात म्हणालो, रामरामाला आणि जय भीमला तेवढे आहात.

३० नोव्हेंबर, रविवार

आज शेवटचं प्रसारण.

सुलेखा सकाळीच तयार होऊन बसली. म्हणाली, "मी आज तिथं येऊन ऐकते." मी म्हणालो, घरी ऐकतेसच की. तिने हट्टच धरला. स्टुडिओत माझ्यासमोर बसली आणि दुसरा हेडफोन मागितला. मी बोलायला लागलो आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरलेला. मी खुणेने म्हटलं, पुरे आता. ती मान हलवत राहिली.

गोजरबाईच्या ओव्या शेवटी लावल्या. जात्याची घरघर आणि वर तिचा आवाज. मग म्हणालो, "रेडिओ शेजार आता तुमची रजा घेतो. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला." माईकचं बटण बंद केलं. वाटलं, निदान आज तरी फोन वाजेल. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो होतो.

घरी येताना सुलेखा म्हणाली, "तुमचा आवाज किती छान आहे हो." जणू आजच कळलं तिला.

३ डिसेंबर

यंत्रं उतरवायला शहरातून गोकुळ नावाचा तंत्रज्ञ आला होता. त्याने पहिल्यांदा ट्रान्समीटरवरचा हार धरला. मी म्हणालो, "तो काढायचा नाही, काकासाहेबांनी सांगितलंय." तो हसला, "काका, आता मशीनच काढायलो, हाराचं काय घेऊन बसलात?" वाळलेला झेंडू चुरा होऊन खाली पडला. त्याच्यामागे लाल दिवा जळत होता.

गोकुळ थबकला. "हे कधीपासून लाल आहे?"

मी म्हणालो, माहीत नाही, हार होता.

त्याने पेटी पुढे घेतली आणि मागे हात घातला. ॲन्टेनाची जाड केबल त्याच्या हाताला लागली, अशीच, लोंबकळत. म्हणाला, "काका, ही निघालेली आहे. केबल निघाली की मशीन स्वतःला वाचवायला बाहेर सोडायचं बंद करते आणि लाल दिवा लावते. तुमचा आवाज या खोलीबाहेर गेलेलाच नाही."

मी म्हणालो, "अरे, मला हेडफोनमध्ये रोज ऐकू येत होतं."

"ते टेबलावरच्या मिक्सरमधून येतं, या मशीनपर्यंत यायच्या आधीच. ते येणारच."

मी जमिनीवर बसलो. खंडेनवमी. फोटोसाठी पुढे ओढलेली पेटी. माझ्या डोळ्यांसमोर ओढली होती. मी "सांभाळून हं" म्हणालो होतो.

काकासाहेबांना फोन लावला. ओरडून सांगितलं, "लोकांनी माझं आवाहन ऐकलंच नव्हतं! म्हणून आले नाहीत! पुन्हा एकदा बोलवू द्या मला, एकदाच!" ते म्हणाले, "संघपाल, रेडिओ दोन महिने मुका होता. गावातल्या एका तरी माणसाने येऊन विचारलं का, की का बंद आहे? तुम्हीच सांगा, आता मी संस्थेत काय तोंडाने भांडू?"

मी फोन ठेवला. आणि तेव्हा आठवलं. विचारलं होतं. रामकिसनने विचारलं होतं, मी त्याचा चहा टाकून उठलो. गोजरबाईने विचारलं होतं. आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्याच दिवशी, माझ्या घरात.

घरी गेलो. सुलेखा चुलीपुढे होती. मी विचारलं, "तू काय ऐकत होतीस रोज?"

तिला सगळं कळलं. हातातली भाकरी तशीच खाली ठेवली. "खरखर," म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही केवढे चिडलात. नवे सेल घातले तरी खरखरच. तुम्ही दारातून इतक्या आशेने विचारलंत, माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग रोज हो म्हणावं लागलं. मला वाटलं माझाच रेडिओ बिघडलाय, गावाला ऐकू येत असेल."

"आणि गोजरबाईचं सांगितलं तेव्हा?"

"तेव्हा भीती वाटायला लागली. म्हणून तर म्हणाले, घरोघर जा."

मला तिच्यावर ओरडता आलं नाही. रोज सकाळी ती माझ्यासाठी खरखर ऐकत बसली. चुलीतली भाकरी करपल्याचा वास आला, ती आम्ही दोघांनी तशीच जळू दिली.

७ डिसेंबर, रविवार

आज मळ्यात गेलो. तीन दिवस धीर होत नव्हता.

गोजरबाईची सून अंगणात कापूस पसरत होती. म्हणाली, "आत्याबाई हायेत मागं, पन त्यांना ऐकू येत नाय आता. दिवाळीपासून कुनाशी बोलनंच सोडलंय. हाक मारली तर वळून बघत नायत. आम्ही बी मंग बोलायचं सोडलं. काय सारखं वरडायचं?" मी रेडिओचं विचारलं. "तो त्यांनीच भंगारवाल्याला दिऊन टाकला. म्हनल्या, मला आता कामून पाहिजे?"

ती गोठ्यामागे उन्हात पाठमोरी बसली होती. मी लांबच थांबलो आणि अगदी हळू हाक मारली, "आजी."

ती लगेच वळली.

"संघपाल? जरा मोठ्यानं बोल बाबा, मला ऐकू येत नाय."

मी तिच्यासमोर मातीत बसलो. आवाज न चढवता म्हणालो, "येतंय आजी. तुझे कान चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले होते. माझाच आवाज येत नव्हता. तू सांगायला आलीस आणि मी तुला बहिरं ठरवून घालवून दिलं."

तिने सगळं ऐकलं. रागावली नाही. कानावरचा पदर मागे सारला आणि थोडी पुढे सरकून बसली.

"मंग बोल की आता," म्हणाली. "लई दिस झाले."

मी तोंड उघडलं. नमस्कार म्हणायचं होतं, तेवढंसुद्धा फुटेना. ती तशीच कान देऊन बसून राहिली.